तीन हातांची आईसकांडी

(दोन खोल्यांचे घर, उन्हाळ्यातील दुपार. नवरा दुकानांचे फलक रंगवतो, सारे त्याला पेंटर म्हणतात. तो स्वयंपाकघरात आहे. आजारी बायको आतील खोलीत खाटेवर पडून आहे. मधले दार सताड उघडे असून सारे संभाषण त्या दारातून चालले आहे.)

बायको: ...आणि कलिंगडाच्या बिया काढल्यात का?

पेंटर: एकूण एक. सदर कलिंगड आता पूर्णतः निर्बीज आहे.

बायको: सदर कलिंगड! अहो, कोर्टात उभं करायचंय का त्याला?

पेंटर: शब्द अचूक असावा, एवढेच माझे म्हणणे. फळे वाहत्या पाण्याखाली धुतली. पेले उकळून घेतले. हात तीन वेळा धुतले, साबणाने, बाहेरच्या नळावर.

बायको: मी विचारलं का?

पेंटर: नाही विचारलेस. म्हणून सांगितले.

बायको: पूर्वी उंबऱ्यातच अडवत होते तुम्हाला. आधी हात धुऊन या, मग घरात पाय. आता केमोनं नाकच गेलं, कशाला अडवू? तुम्ही आलात काय नि टर्पेंटाइनचा डबा आला काय, माझ्या नाकाला सगळं सारखंच.

पेंटर: तो विषय आज नको.

बायको: नको कसा? माझ्या उशाशी सांडलात ना डबा, ब्रश धुताना! अर्धी चादर भिजली. दहा घरांपलीकडे वास गेला असेल, आणि मी आपली निवांत पडलेली. मला कळलं ते तुमच्या तोंडाकडे बघून.

पेंटर: माझ्या तोंडाकडे?

बायको: रंग उडालेल्या पाटीसारखं झालं होतं. मी ओरडण्याची वाट बघत होतात. मी ओरडलेच नाही.

पेंटर: केळी दोन घेऊ की तीन?

बायको: दोन. चांगली पिकलेली घ्या, डाग पडलेली. आणि विषय बदलायची तुमची ही जुनी खोड आहे.

पेंटर: विषय बदललेला नाही. विषय पहिल्यापासून आईसकांडी हाच आहे. आता नीट ऐक, मी ही कांडी तीन हातांची करणार आहे.

बायको: तीन हातांची म्हणजे?

पेंटर: भिंतीला देतात तसे. पहिला हात अस्तराचा; त्यात केळे, दूध आणि मध. दुसरा हात संत्र्याच्या रसाचा. तिसरा कलिंगडाचा. आधीचा हात धरल्याशिवाय पुढचा द्यावयाचा नाही, अन्यथा रंग एकमेकांत उतरतात आणि सगळा चिखल होतो.

बायको: अहो, मला ती खायचीय. दुकानावर टांगायची नाहीये.

पेंटर: प्रथम डोळा खातो, नंतर जीभ.

बायको: जीभ कुठाय मला? तोंडात चामड्याचा तुकडा आहे नुसता.

पेंटर: म्हणून तर डोळ्यावर भिस्त ठेवली आहे.

बायको: ...तेही खरंच म्हणा. बरं, ते केळ्याचं मिश्रण चाखून बघा. जरा जास्तच गोड लागलं पाहिजे. गोठलं की गोडी उतरते.

पेंटर: डिस्टेंपरसारखेच झाले. ओला असताना गडद, वाळला की फिका. थांब. हं... मला तर हे आत्ताच अति गोड लागते आहे.

बायको: लागू दे. अजून एक चमचा मध घाला.

पेंटर: घातला.

बायको: नाही घातलात. बाटलीचं झाकण वाजलं नाही.

पेंटर: नाक गेले तरी कान घारीसारखे आहेत तुझे.

बायको: घारीचे डोळे असतात हो. शब्द अचूक असावा!

पेंटर: ...घे, वाजले झाकण. घातला.

बायको: आता कसं. अहो, एक सांगू?

पेंटर: सांग.

बायको: उद्या सकाळी दवाखान्यात वजन करायचंय.

पेंटर: ठाऊक आहे.

बायको: उतरलेलंच असणार ते. पोटात जातंय काय माझ्या? मी ठरवलंय, डॉक्टरबाईंना सांगून टाकणार. पुढचं केमोचं सलाईन आता नको. बास झालं.

पेंटर: दूध थोडे दाट करून घालावे का?

बायको: ऐकलंत का?

पेंटर: पातळ दुधाचा बर्फ खरखरीत होईल, असे मला वाटते.

बायको: मी काय म्हणतेय?

पेंटर: ऐकले. माझेही कान शाबूत आहेत. डॉक्टरबाई काय म्हणाल्या होत्या? वजन आणखी घटले तर औषध पुढे ढकलावे लागेल. त्या 'पुढे' म्हणाल्या, तू 'नको' म्हणतेस. दोहोंत महदंतर आहे.

बायको: महदंतर! अहो, जेवायला बसले की कागद चावल्यासारखं वाटतं मला. कोरा कागद. तुम्ही रोज सकाळ-संध्याकाळ मूठभर कागद चावून गिळून दाखवा, मग मला महदंतर शिकवा.

पेंटर: संत्री सोलावयास घेतो.

बायको: रागावलात?

पेंटर: नाही. संत्री सोलतो आहे.

बायको: मला तुमच्यावर नाही हो राग. मला ताटाचाच कंटाळा आलाय. तुम्ही समोर वाटी घेऊन बसता, आणि मी घास कधी गिळते ते बघता. तुमच्याकडे बघवत नाही मला.

पेंटर: यापुढे पाठ फिरवून बसेन.

बायको: म्हणजे पाठीनं बघाल.

पेंटर: थंड पदार्थ घशाखाली उतरतो, असे त्यांनीच सांगितले आहे ना? मग माझे एकच मागणे आहे. उद्या निघण्यापूर्वी एक कांडी. त्यानंतर तुला जे सांगावयाचे ते सांग. मी मध्ये बोलणार नाही.

बायको: शपथ?

पेंटर: शब्द देतो.

बायको: ठीक आहे. तुमच्या समाधानासाठी चाटीन एक. पण काडीचं काय? बाजारातल्या त्या चपट्या काड्या माझ्या बोटांत राहत नाहीत. परवा कंगवा सुटला हातातून तेव्हा कळलंसुद्धा नाही.

पेंटर: त्याची व्यवस्था झालेली आहे. जाड काड्या आहेत, मुठीत धरता येतील अशा. बांबूच्या.

बायको: मघाशी करवत चालली होती ती हीच?

पेंटर: हीच.

बायको: बांबू कुठून आणलात?

पेंटर: बांबू ही सर्वत्र उपलब्ध असलेली वस्तू आहे.

बायको: मी विचारलं कुठून आणलात.

पेंटर: घरातच होता. तासला, घासला, दोनदा उकळला. आता तो बाळाच्या तोंडात द्यावा इतका स्वच्छ आहे.

बायको: बरं. आणि बेकरीवाल्याच्या बोर्डाचं काय? काल येऊन दारात उभा होता तो बिचारा. मी इथून सगळं ऐकलं.

पेंटर: अक्षरे निम्मी झाली आहेत. उरलेली यथावकाश.

बायको: निम्म्या बोर्डावर लोक काय वाचतायत मग?

पेंटर: 'रोज ताजे'. पुढील शब्द राहिला आहे.

बायको: रोज ताजे! काय ताजे? मासे का वर्तमानपत्र?

पेंटर: गिऱ्हाइकाच्या मनात जिज्ञासा उत्पन्न होते.

बायको: त्याच्या पोटात गोळा उत्पन्न झालाय. जा हो उद्या-परवा, पूर्ण करून या. माझ्या उशाशी बसून काय अक्षरं उमटणार आहेत?

पेंटर: पेले शेजारी देऊन येतो. आपल्या फ्रिजचे दार बसत नाही.

बायको: बघा. पुन्हा विषय बदललात.

*

शेजारीण: भावजी, हे घ्या तुमचे पेले, बघून घ्या. पांढरं कसं धरलंय बघा, साय धरल्यासारखं. हातातली शिलाई टाकून तीनदा फ्रिज उघडला मी. तिकडं गिऱ्हाईक म्हणतंय, बाई, माझी पँट मशीनवर आणि तुम्ही कुठं पळताय सारख्या?

पेंटर: आपले उपकार आहेत.

शेजारीण: उपकार कसले, एक कांडी ठेवा मला. बरं, आता खोचा काड्या. अर्धवट गोठलंय, आता उभ्या राहतील. मघाशी पातळात खोचल्या होत्यात, सगळ्या दारुड्यासारख्या कलल्या होत्या.

पेंटर: अनुभव नव्हता.

शेजारीण: द्या बघू काडी. अगं बाई! मघाशी लांबून कळलं नाही, ही काडी आहे का खुंटी? म्हैस बांधायची आहे का?

पेंटर: तिच्या बोटांना बारीक काडी कळत नाही.

शेजारीण: हं... हे नव्हतं आलं माझ्या डोक्यात. खरंच, मुठीत छान बसते. गुळगुळीत पण आहे, वापरातली असल्यासारखी. भावजी, ही तीच काठी ना हो? तुम्ही बोर्ड रंगवताना एका हातात धरता, टोकाला चिंधीचा गोळा असतो, आणि तिच्यावर ब्रशाचा हात टेकता?

पेंटर: हळू बोला. आत ऐकू जाते.

शेजारीण: तीच आहे?

पेंटर: होय, तीच. चिंधी काढून टाकली.

शेजारीण: आणि कापलीत? माझ्या कात्रीला नवऱ्यानं कागद कापायला हात लावला तरी मी आठवडाभर बोलत नाही. तुम्ही तुमचं हत्यार कापलंत?

पेंटर: त्या काठीला हाताची सवय होती. दुसरा बांबू आणला असता तर त्याला काटे-कुसळे असती. हिचे सारे काटे माझ्या तळव्याने केव्हाच झिजवले आहेत.

शेजारीण: पण मग तुमची अक्षरं? हात कशावर टेकणार?

पेंटर: आता अक्षरे काढावयाची नाहीत. तिच्यापाशी बसावयाचे.

शेजारीण: वहिनींना सांगितलंत हे?

पेंटर: नाही. आणि आपणही सांगू नये, अशी नम्र विनंती आहे.

शेजारीण: नम्र विनंती म्हणे. हा माणूस रडला तरी नोटीस लावून रडेल... अहो, थांबा, एक काडी कमी पडतेय. हा पेला रिकामाच राहिला.

पेंटर: एक तुकडा गाठीवर तडकला. राहू द्या तो पेला.

शेजारीण: राहू द्या कसा? माझा लाकडी चमचा आणते, लोणी फेटायचा. दांडी चांगली जाड आहे. उलटा खोचला तर कळायचं पण नाही.

बायको: काय कुजबुज चाललीय गं बाहेर?

शेजारीण: काही नाही वहिनी, भावजी तुमची तक्रार करतायत माझ्याकडे.

बायको: करू देत. फक्त लेखी नको म्हणावं, शुद्ध मराठीत असेल आणि मला कळायची नाही.

शेजारीण: आईसकांडी बघाल ना वहिनी, तर खावीशी वाटणार नाही, भिंतीला लावावीशी वाटेल! चला भावजी, ओता तो संत्र्याचा रस. बेतानं. रेघ वाकडी गेली तर रात्रभर झोप नाही तुम्हाला.

*

पेंटर: उठलीस? रिक्षा यावयास अजून अवकाश आहे.

बायको: केव्हाची जागी आहे. वजन-काट्यावर उभं राहायचं म्हटलं की झोपच उडते. शाळेत परीक्षेला जाताना व्हायचं तसं.

पेंटर: डोळे मीट.

बायको: आता काय हे नवीन?

पेंटर: मीट. पेला कोमट पाण्यात धरला आहे, कांडी सुटते आहे... सुटली. आता उघड.

बायको: अगं बाई.

पेंटर: कशी आहे?

बायको: हे तुम्ही केलंत? पांढरा, केशरी, लाल... आणि रेघ तर बघा! सूत धरून मारल्यासारखी. एक थेंब इकडचा तिकडे नाही.

पेंटर: प्रत्येक हात धरू दिला.

बायको: आयुष्यभर दुसऱ्यांच्या दुकानांना रंगवलंत. घरात पहिल्यांदा काही रंगवलंत ते हे, आणि तेही वितळणारं.

पेंटर: घराची भिंत यंदा निश्चित रंगवतो.

बायको: हे आमच्या लग्नापासून ऐकतेय मी.

पेंटर: आमच्या नव्हे, आपल्या लग्नापासून.

बायको: तेच ते. द्या इकडे.

पेंटर: मुठीत धर. सुटत नाही ना?

बायको: नाही सुटत. चांगली जाड आहे. हाताला ओळखीची वाटते ही काडी.

पेंटर: बांबू सगळे सारखेच असतात. आता चाख. आधी काडीजवळचे कलिंगड चाख, ते लवकर वितळते. मी पाठ फिरवतो.

बायको: फिरवा... थांबा.

पेंटर: काय झाले?

बायको: थांबा हो.

पेंटर: फार गार आहे का? दाताला लागले?

बायको: बोलू नका जरा. कसला तरी वास येतोय.

पेंटर: वास? केळ्याचा असेल. केळे जास्त पिकलेले होते.

बायको: केळ्याचा नाही. टर्पेंटाइनचा.

पेंटर: काय? अगं ठेव! ठेव ती खाली! तोंडाला लावलीस? थुंक आधी. पाणी आणतो, चूळ भर. मी गाढव आहे, गाढव! दोनदा उकळली, मला वाटलं गेला असेल वास. दे इकडे ती.

बायको: नाही लावली तोंडाला. ओरडू नका.

पेंटर: दे म्हणतो ना! विष आहे ते. एवढं जपून, हात धुऊन, पेले उकळून शेवटी विषच दिलं मी तुला.

बायको: मी खात नाहीये हो. हुंगतेय. सोडा माझा हात, परत बघू दे.

पेंटर: काय बघायचंय त्यात? वाट लागली सगळ्याची. एक कांडी मागितली होती तुझ्याकडे, तीसुद्धा मला धड करता आली नाही.

बायको: अहो. ऐका. मला टर्पेंटाइनचा वास येतोय.

पेंटर: हो, कळलं, माझीच चूक आहे, मी...

बायको: नाही कळलं तुम्हाला. इकडे बघा माझ्याकडे. मला. वास. येतोय.

पेंटर: येतोय?

बायको: येतोय.

पेंटर: मनाचा खेळ नसेल ना? कधी कधी आठवणीनंसुद्धा वाटतं.

बायको: आठवणीतला वास नाकात चढत नाही. हा सरळ कपाळात गेला. तिडीक आली बघा, अगदी नेहमीसारखी.

पेंटर: तिडीक आली?

बायको: अश्शी आली.

पेंटर: अगं, किती छान झालं! तिडीक आली!

बायको: आणि तुमची ती बोर्डावरची भाषा कुठे गेली?

पेंटर: मरू दे तिला. थांब, हा साबण बघ. येतो वास?

बायको: ...नाही.

पेंटर: ही संत्र्याची साल. जोरात ओढ.

बायको: नाही. जरासं... नाही.

पेंटर: कॉफीचा डबा?

बायको: अहो, घर काढून आणाल का माझ्या नाकाशी? नाही येत बाकी काही. फक्त तोच येतोय. ज्याच्याशी जन्मभर भांडले, तोच मेला सगळ्यात आधी परत आला.

पेंटर: निष्ठावान निघाला.

बायको: निर्लज्ज निघाला. पण अहो...

पेंटर: काय?

बायको: बांबूला टर्पेंटाइनचा वास कुठून आला? घरातच होता म्हणालात. घरात एकच बांबू आहे. दाराआड उभा असतो.

पेंटर: असतो. म्हणजे, असायचा.

बायको: कापलीत तुम्ही काठी.

पेंटर: तुझ्या हाताला नीट बसेल असं दुसरं काही मिळेना.

बायको: मुसळ होतं, लाटणं होतं, झाडूची दांडी होती. काठीच का कापलीत? खरं सांगा. आणि साधं सांगा.

पेंटर: आता लागणार नाही म्हणून कापली.

बायको: बेकरीवाल्याला काय सांगितलंत?

पेंटर: काल संध्याकाळी जाऊन आलो, दुसरा पेंटर बघा म्हटलं.

बायको: वा! म्हणजे मी आज डॉक्टरबाईंना 'बास' म्हणणार, तर त्याच्या आधी तुम्ही कालच 'बास' करून मोकळे झालात! मला न विचारता! आणि मला शिकवतात महदंतर!

पेंटर: तू काल नको म्हणालीस, पण मला ते आधीच दिसत होतं. कित्येक दिवस तेच डोक्यात होतं. तू नसशील तर मी कुणासाठी अक्षरं सरळ काढू?

बायको: बेकरीवाल्यासाठी!

पेंटर: तसं नव्हे गं...

बायको: तसंच. 'रोज ताजे' लिहून ठेवलंय त्या माणसाच्या डोक्यावर! रोज सकाळी शटर उघडताना बघत असेल बिचारा. तुमच्या हातचं अर्धवट काम गावात कुणी बघितलंय का आजवर? माझ्या आजारपणाचं नाव पुढे करून ते तसंच ठेवणार होतात?

पेंटर: तुझ्याजवळ बसायचं होतं.

बायको: बसता ना. वाटी घेऊन बसता. मला तसले तुम्ही नकोत. मला संध्याकाळी रंगानं माखून दारात येणारा माणूस हवाय. त्याच्यावर ओरडायला माझ्याजवळ काहीतरी असतं तरी. आता डोळे पुसा. आणि ती चमच्याची कांडी आणा.

पेंटर: तुला ठाऊक आहे चमच्याचं?

बायको: माझे कान घारीसारखे आहेत. लोणी फेटायचा चमचा म्हणाली ती. ती मोठ्यानं बोलते, तुम्ही हळू बोलता. म्हणून अर्धंच ऐकू आलं. नाहीतर कालच तुमची हजेरी घेतली असती.

पेंटर: ही घे. हिला वास नाही. मी आधी हुंगली.

बायको: तुमच्या नाकावर विश्वास नाही, द्या... हं. नाही. हिला नाही.

पेंटर: पाठ फिरवू का?

बायको: राहू दे. बघा.

पेंटर: ...कशी लागते?

बायको: गार.

पेंटर: आणि?

बायको: आणि गारच. गोड आहे का आंबट, काही कळत नाही. खोटं कशाला सांगू?

पेंटर: कागदासारखी?

बायको: कागदच. पण ओला. ओला कागद बरा, आपोआप खाली जातो.

पेंटर: अजून एक घास घेतेस?

बायको: घेतेच आहे ना, हात थांबलाय का माझा? पांढरं संपलं, आता केशरी. तीन हात दिलेत, तिन्ही बघते.

पेंटर: केशरीत साखर जरा कमी आहे. मला आधीच फार गोड लागलं म्हणून घातली नाही.

बायको: सांगितलेलं ऐकायचंच नाही. चव परत आली की आधी त्याचाच हिशेब घेईन.

पेंटर: घे. सावकाश घे.

बायको: अहो, वजन काही आज भरायचं नाही हं. एक कांडी खाऊन तासाभरात कोण लठ्ठ झालंय?

पेंटर: नाही भरणार.

बायको: मग औषध पुढे ढकलतील.

पेंटर: ढकलतील.

बायको: ढकलू देत. 'पुढे' आणि 'नको', त्या दोहोंत काय ते असतं म्हणालात?

पेंटर: महदंतर.

बायको: तेच सांगेन मी त्यांना. शब्द मात्र तुम्ही बोला, माझी जीभ वळायची नाही.

पेंटर: डॉक्टरबाईंना वासाचंही सांगायचं ना?

बायको: ते तर पहिल्यांदा सांगणार. आणि येताना बाजारातून जायचं. चांगला सरळ बांबू बघू, पेरं लांब असलेला. चिंधी मी शोधून ठेवते. सुई हातात धरवत नाही, पण गाठ मारता येईल.

पेंटर: नवी काठी हाताला बसायला वेळ लागेल. काटे असतात.

बायको: लागू दे वेळ. काटे झिजवायला आहोत ना आपण दोघंही.

शेजारीण: भावजी! रिक्षा आलीय हो! आणि माझी कांडी कुठाय?

बायको: तिला सांगा, कांड्यांना हात लावायचा नाही! चमचा तेवढा धुऊन देते म्हणावं.

पेंटर: नंतर सांगू. चल, ऊठ. फाइल घेतली, पाण्याची बाटली घेतली. ह्या बाकीच्या कांड्या आधी बाहेर टाकून देतो... टाकल्या. आता सावकाश पाय खाली सोड. दे तुझा हात.

बायको: आधी हात धुऊन या.